ढकलूबाईचा गोळा आणि गाठीतला चष्मा

एक होती गल्ली. तिचं नाव उतारगल्ली. तिला उतार होता, म्हणून उतारगल्ली. नाव ठेवणाऱ्यानं फार डोकं चालवलं नव्हतं.

गल्लीच्या वरच्या टोकाला गोठा. गोठ्यामागे राहायची ढकलूबाई. ढकलूबाई म्हणजे शेणकिडी. काळी काळी, गोल गोल, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी.

एके सकाळी ढकलूबाईनं एक गोळा केला. कशाचा? शेणाचा. हसताय काय? शेणकिडी शेणाचाच गोळा करणार, बेसनाचा नाही.

आणि तो साधासुधा गोळा नव्हता. ढकलूबाई त्यात अंडं घालणार होती. अंड्यातून बाळ येणार होतं. बाळ गोळ्यातच निजणार, गोळ्यातच जेवणार. म्हणजे घरही तेच आणि जेवणही तेच. असा गोळा करायला अख्खी सकाळ लागते.

ढकलूबाईनं डोकं खाली केलं. मागचे पाय वर केले. उलटी उलटी चालत गोळा ढकलायला लागली.

ढकल ढकल ढकल.

बिळापाशी आली. आता आत ढकलायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात पाय निसटला.

गड गड गड गड गड गड…

गोळा निघाला उतारावरून. ढकलूबाई मागे, गोळा पुढे. खाली कोपऱ्यात एक खोका आडवा पडला होता, दोरी सरकलेली, झाकण उघडं. गोळा गेला खोक्यात. धप्प. खोक्याचं झाकण मिटलं. फट्.

गोळा आत, ढकलूबाई बाहेर.

वर ऊन चढत होतं. ऊन लागलं की गोळा वाळतो. वाळला की दगडासारखा होतो. दगडात बाळ कसं राहणार? दगड बाळ कसं खाणार? ढकलूबाई झाकणापाशी गेली. तिनं खोक्यावर टकटक केली.

"खोक्या, खोक्या, माझा गोळा दे."

"मी कसा देऊ?" खोका म्हणाला. "माझ्या पोटात फुटका बल्ब आहे. गंजकं ब्लेड आहे. संपलेले सेल आहेत. तू आत आलीस तर पाय कापेल. शेवंतामावशीनं झाकण उघडलं, तर देईन."

निघाली ढकलूबाई. तुर तुर तुर.

टण टण टण. घंटागाडी गल्लीत उभी होती. गाडीला तीन डबे. हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा. निळा डबा सुक्या कचऱ्याचा. आणि लाल डबा धोक्याच्या कचऱ्याचा. गाडीपाशी होती शेवंतामावशी. कमरेला पदर खोचलेला, हातात घंटा.

"शेवंतामावशी, शेवंतामावशी, खोका उघडा ना."

"का गं बाई?"

"खोका गोळा देईना,
गोळ्याशिवाय बाळ माझं निजेना."

"उघडते की," मावशी म्हणाली. "पण माझा डावा हातमोजा कुठाय? हा बघ, उजवा हाय. डावा त्या टिप्यानं पळवला. उघड्या हातानं काचेला न्हाई शिवायची मी. मागल्या महिन्यात बोट कापलं, तीन टाके पडले. टिप्यानं मोजा दिला, तर उघडीन. आणि लवकर ये गं. गल्ली संपली की गाडी निघाली."

निघाली ढकलूबाई. तुर तुर तुर.

टिप्या म्हणजे गल्लीचा कुत्रा. तो ओट्याखाली पसरला होता. डोक्याखाली रबरी मोजा. मोज्याची पाच बोटं त्याच्या कानाशी उभी. डोक्यावर तुरा फुटल्यासारखा दिसत होता.

"टिप्या, टिप्या, मोजा दे ना."

टिप्यानं एक डोळा उघडला. "का गं?"

"मावशी खोका उघडेना,
खोका गोळा देईना,
गोळ्याशिवाय बाळ माझं निजेना."

टिप्यानं तिला हुंगलं. आँक्छी. ढकलूबाई तीन कोलांट्या खाऊन पालथी पडली. परत सुलटी झाली.

"देतो की," टिप्या म्हणाला. "पण मग मी डोकं कशावर ठेवू? माझं गोणपाट होतं. मऊ मऊ. ते चिंगी शेळीनं बळकावलं. चिंगीनं गोणपाट सोडलं, तर मोजा देईन."

आणि तो परत घोरायला लागला. घुर्रर्र फू. घुर्रर्र फू.

निघाली ढकलूबाई. तुर तुर तुर.

चिंगी शेळी गोणपाटावर ऐसपैस बसली होती. तोंडात काही नव्हतं, तरी चावत होती. शेळ्यांची ती सवयच असते.

"चिंगी, चिंगी, गोणपाट सोड ना."

"का गं?"

"टिप्या मोजा देईना,
मावशी खोका उघडेना,
खोका गोळा देईना,
गोळ्याशिवाय बाळ माझं निजेना."

"बेंऽऽ," चिंगी म्हणाली. "सोडते की. पण मला भूक लागलीय. भुकेल्या शेळीला उठवत नाही. ती समोर पिशवी बघ. आत केळीच्या साली आहेत. पण पिशवीला गाठ आहे."

"मग पिशवीसकट खा ना."

"नको गं बाई," चिंगी म्हणाली. "मागे एकदा खाल्ली होती. चार दिवस पोट गुडगुड, गुडगुड. पाचव्या दिवशी डॉक्टरनं एवढी मोठी सुई टोचली. पिशवीची गाठ सुटली, तर साली खाईन. साली खाल्ल्या, तर गोणपाट सोडीन."

निघाली ढकलूबाई. तुर तुर तुर.

पिशवी भिंतीला टेकून बसली होती. पांढरी, पातळ, फुगलेली. तिच्यावर गाठ. गाठीवर गाठ. त्या गाठीवर आणखी एक गाठ. आणि आत काहीतरी चमकत होतं.

चम चम.

तुम्ही पाहिलंत? ढकलूबाईनं नाही पाहिलं. ती घाईत होती.

"पिशवी, पिशवी, गाठ सोड ना."

"का गं?"

"चिंगी गोणपाट सोडेना,
टिप्या मोजा देईना,
मावशी खोका उघडेना,
खोका गोळा देईना,
गोळ्याशिवाय बाळ माझं निजेना."

"मला का हात आहेत?" पिशवी सळसळली. "माझा गळा आवळलाय नुसता. वत्सलाकाकूंनी गाठ मारली, वत्सलाकाकूंनीच सोडावी."

निघाली ढकलूबाई. तुर तुर तुर.

वत्सलाकाकू पायरीवर बसल्या होत्या. काकूंना गाठ मारायची भारी हौस. केसांना गाठ. पडद्याला गाठ. पोह्यांच्या पुडीला गाठ. दारावरच्या दोडक्याच्या वेलालासुद्धा गाठ. आणि कचऱ्याचं म्हणाल, तर ओला, सुका, साली, कागद, सगळं एका पिशवीत. वर तीन गाठी, आणि दिली कोपऱ्यात ठेवून. काचांना मात्र पिशवी नाही. काचा पिशवी फाडतात. म्हणून काचांना खोका.

काकू पायरी चाचपत होत्या. चटई चाचपत होत्या. स्वतःचं डोकं चाचपत होत्या.

"काकू, काकू, गाठ सोडा ना."

"कोण बोललं? शेंगदाणा?"

"शेंगदाणा नाही. मी ढकलूबाई."

"बरं बाई. का गं?"

"पिशवीची गाठ सुटेना,
चिंगी गोणपाट सोडेना,
टिप्या मोजा देईना,
मावशी खोका उघडेना,
खोका गोळा देईना,
गोळ्याशिवाय बाळ माझं निजेना."

"अगंबाई, बाळ निजेना?" काकूंना वाईट वाटलं. "सोडते की. पण माझा चष्मा हरवलाय. चष्म्याशिवाय मला गाठ दिसायची नाही. आमच्या ह्यांना सांग, चष्मा शोधा म्हणावं. चष्मा सापडला, तर गाठ सोडीन."

निघाली ढकलूबाई. तुर तुर तुर. आता तिचे सहाही पाय दुखत होते.

दिगंबरकाका खुर्चीत बसले होते. तोंडासमोर पेपर. पेपराच्या वर टक्कल, पेपराच्या खाली पाय. मधले काका दिसतच नव्हते.

"काका, काका, काकूंचा चष्मा शोधा ना."

"का गं?" पेपर म्हणाला.

"काकूंना चष्मा सापडेना,
पिशवीची गाठ सुटेना,
चिंगी गोणपाट सोडेना,
टिप्या मोजा देईना,
मावशी खोका उघडेना,
खोका गोळा देईना,
गोळ्याशिवाय बाळ माझं निजेना."

पेपर खाली आला. काकांचं तोंड कडू झालेलं होतं. कडू नव्हे, खारट.

"शोधतो की," काका म्हणाले. "पण आधी चहा. सकाळच्या चहात हिनं मीठ घातलं. साखरेऐवजी मीठ. आता गोड चहा पोटात गेल्याशिवाय मी खुर्चीतून उठणार नाही."

पायरीवरून काकू म्हणाल्या, "चष्म्याशिवाय साखर कुठली नि मीठ कुठलं, मला कसं कळायचं?"

झालं. काकांना हवा चहा. चहाला हवा चष्मा. चष्मा शोधायला हवेत काका. ढकलूबाईनं इकडे पाहिलं. ढकलूबाईनं तिकडे पाहिलं. आता जायचं कुणाकडे?

"सकाळी होता गं तिच्या नाकावर," काका पेपरामागून पुटपुटले. "शिकरण केलं तिनं. सहा केळी सोलली. मग वाकून वाकून साली पिशवीत भरल्या. मग गाठ मारली. तीन गाठी मारल्या. आणि मग चष्मा गेला कुठे, कुणास ठाऊक."

त्यांनी पान उलटलं.

टण टण टण. शेवंतामावशी शेवटच्या घरापाशी पोचली होती. ऊन खोक्यापर्यंत आलं होतं.

ढकलूबाई परत फिरली. तुर… तुर… तुर. पिशवीपाशी आली आणि मटकन बसली. तिला रडू आलं. रडत रडत म्हणाली,

"काकांना चहा मिळेना,
काकूंना चष्मा सापडेना,
पिशवीची गाठ सुटेना,
चिंगी गोणपाट सोडेना,
टिप्या मोजा देईना,
मावशी खोका उघडेना,
खोका गोळा देईना,
गोळ्याशिवाय बाळ माझं निजेना."

असं म्हणून तिनं डोळे पुसले. मान वर केली. आणि तिला दिसलं.

चम चम.

साली… वाकून वाकून… तीन गाठी… अगंबाई.

ढकलूबाईला गाठ सोडता येत नव्हती. पण तिच्या पुढच्या पायांना दाते असतात. बारीक बारीक, करवतीला असतात तसे. त्यांनी ती जमीन खणते. जमीन खणता येते, तर पिशवीला काय झालं?

"पिशवी, पिशवी, जरा गुदगुल्या होतील हं."

कुर्र कुर्र कुर्र.

पिशवी खुसखुसली. बारीकसं भोक पडलं.

कुर्र कुर्र कुर्र.

भोक मोठं झालं. आणि सळ्ळकन बाहेर आला चष्मा. एका काडीला केळीचा दोरा लटकलेला.

आता चष्मा केवढा, ढकलूबाई केवढी. पण जड वस्तू ढकलायची कशी, हे तिला कुणी शिकवायला नको. डोकं खाली. मागचे पाय वर. उलटी उलटी.

ढकल ढकल ढकल. थांब. ढकल ढकल ढकल. थांब. ढकल ढकल ढकल. पायरी आली.

काकूंच्या पायाला काहीतरी लागलं. काकूंनी चाचपलं. काकूंनी उचललं. पदरानं पुसलं. नाकावर ठेवलं.

"अगंबाई. तू शेंगदाणा नाहीस."

"नाही. मी ढकलूबाई."

काकू उठल्या. आत गेल्या. दोन बरण्या समोर धरल्या. हे मीठ. ही साखर. आधण ठेवलं, साखर टाकली. काकांनी घोट घेतला. सुर्रर्र. आणि काका खुर्चीतून उठले. खुर्चीलासुद्धा हायसं वाटलं.

मग काकू निघाल्या पिशवीकडे. मागून काका, काखेत पेपर. पुढे ढकलूबाई. तुर तुर तुर.

काकूंनी पहिली गाठ सोडली. दुसरी गाठ सोडली. तिसरी काही सुटेना. "कुणी मारली ही एवढी घट्ट?" काकू करवादल्या. काकांनी पेपर तोंडासमोर धरला. गोड चहा नुकताच मिळाला होता.

तिसरी गाठ सुटली. चिंगीनं साली खाल्ल्या. मचाक मचाक मचाक. पिशवी बाजूला राहिली, आणि चिंगी गोणपाटावरून उठली.

टिप्या गोणपाटावर जाऊन लोळला. मोजा सुटला. शेवंतामावशीनं तो दोन बोटांत धरला. "काय रे ही लाळ," म्हणाली. नळाखाली खळखळ धुतला आणि हातात चढवला. आता उजव्या हाताला मोजा, डाव्या हाताला मोजा.

"कुठाय तो खोका? आणि रस्त्यात काचा ठेवायची रीत कुणाची म्हणते मी?"

"तेच म्हणते मी," वत्सलाकाकू म्हणाल्या. "असं कोण टाकतं?" चष्मा वर सारून त्या खोक्यावर वाकल्या. खोक्याला ती सरकलेली दोरी होती. दोरीला गाठ होती. गाठीवर आणखी दोन गाठी.

काकूंनी गाठींवरून बोट फिरवलं. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "माझाच की गं."

शेवंतामावशीनं डावा हात पुढे केला. मोज्याच्या आतलं बोट वर केलं. "इथं तीन टाके हायेत काकू."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आजपासून काच तुझ्या हातात देईन. कागदात गुंडाळून."

कागद कुठला? सगळ्यांनी काकांच्या काखेकडे पाहिलं.

"राशिभविष्य राहिलंय माझं," काका म्हणाले. तरी दिला पेपर.

मावशीनं झाकण उघडलं. फट्. फुटका बल्ब पेपरात. गंजकं ब्लेड पेपरात. संपलेले सेल वेगळ्या पुडीत. "पुडीवर लाल खूण पाहिजे," मावशी म्हणाली. "म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, आत धोका हाय." लाल पेन कुणाकडेच नव्हतं. काकू घरात गेल्या, कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि दोन्ही पुड्यांना एक एक बोट लावलं.

"पूजा नाही करायची काकू, टाकायचंय," मावशी म्हणाली.

पुड्या गेल्या लाल डब्यात. खोक्याच्या तळाशी उरला गोळा. गोल, ओला, ताजा. ढकलूबाईचा जीव भांड्यात पडला.

पण शेवंतामावशीचा हात तिच्या डोक्यापेक्षा चपळ. "हे शेण. म्हणजे ओला कचरा," ती म्हणाली. तिनं गोळा उचलला आणि निघाली हिरव्या डब्याकडे.

ढकलूबाईला बोलताच येईना. तोंडच उघडेना.

पण ती नाही बोलली म्हणून काय झालं? तिनं ते इतक्यांदा म्हटलं होतं की सगळ्यांना पाठ झालं होतं. काकू म्हणाल्या, काका म्हणाले, टिप्या म्हणाला, चिंगी म्हणाली, फाटकी पिशवी म्हणाली, रिकामा खोकासुद्धा म्हणाला,

"गोळ्याशिवाय बाळ तिचं निजेना."

मावशी थांबली. हात मागे घेतला. "चुकलं गं माझं. हा कचरा न्हाई. हे घर हाय." ती खाली वाकली आणि गोळा ढकलूबाईच्या पुढ्यात अलगद ठेवला.

आता म्हणा माझ्याबरोबर,

काकांना चहा मिळाला,
काकूंना चष्मा सापडला,
पिशवीची गाठ सुटली,
चिंगीनं गोणपाट सोडलं,
टिप्यानं मोजा दिला,
मावशीनं खोका उघडला,
खोक्यानं गोळा दिला,
आणि ढकलूबाई निघाली घराला.

डोकं खाली. पाय वर. सगळा उतार आता चढ झाला होता. टिप्या पुढे चालला, भू करत, कुणी पाय देऊ नये म्हणून. घंटागाडी मागे थांबून राहिली. ढकल ढकल ढकल. गोळा बिळात गेला. गुडुप.

मग खूप दिवस गेले. वत्सलाकाकूंच्या दारात आता तीन बादल्या आहेत. पिशवीला गाठ नाही. कुंकवाच्या खुणेची पुडी त्या स्वतः शेवंतामावशीच्या हातात देतात. गाठ फक्त केसांना. आणि दोडक्याच्या वेलाला. एवढं चालायचंच.

एके सकाळी बिळातली माती हलली. भुसभुस भुसभुस. एक छोटं काळं डोकं वर आलं. तिळाएवढ्या डोळ्यांनी इकडेतिकडे पाहायला लागलं.

"आई," ते म्हणालं, "माझा गोळा कुठे गेला?"

ढकलूबाईनं बिळात वाकून पाहिलं. गोळा नव्हता. तुकडा नव्हता. चिमूटभरसुद्धा कचरा नव्हता.

"तूच खाल्लास की रे, राजा," ढकलूबाई म्हणाली. "सगळाच्या सगळा."

गोळा गेला पोटात, गोष्ट गेली कानात. आता तुम्ही पांघरुणात.